दुखणे आपले, कारभारही आपला

बाजारात बैल घ्यायला गेलो, तर आपण काय करतो? बैलाचे दात पाहतो. त्याला चालवून पाहतो. चार माणसांना विचारतो. मगच पैसे मोजतो. भात विकताना काट्यावरची नजर हलवत नाही. धाटावच्या कारखान्यात कामाला जाणारा माणूस पगाराची चिठ्ठी दोनदा वाचतो. एक खाडा जास्त लागला, तर लगेच विचारायला जातो.

पण हाच माणूस दवाखान्यात गेला की मुका होतो. डॉक्टर म्हणाले, जीभ दाखवा, जीभ दाखवली. डॉक्टर म्हणाले, सुई घ्या, सुई घेतली. चिठ्ठी खिशात घातली, पैसे दिले आणि घरी आला. घरी बायकोने विचारले, "काय झालंय म्हणाले?" तर म्हणतो, "ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही."

बैलापेक्षा आपला जीव स्वस्त आहे काय?

आपण गप्प का बसतो? एक तर भीती वाटते. डॉक्टर शिकलेले, आपण अडाणी. विचारले तर रागावतील, असे वाटते. दुसरे म्हणजे सवय. डॉक्टर म्हणजे मायबाप, त्यांना काय विचारायचे, असे वाडवडिलांपासून चालत आले. तिसरे कारण अक्षरांचे. कागदावर काय लिहिले ते वाचता येत नव्हते, तर विचारणार कशाच्या जोरावर?

आता तुम्ही हा पाठ वाचत आहात. म्हणजे तिसरे कारण गेले. उरली भीती आणि सवय. ती कशी जाते, ते पाहू.

जामखेडच्या बाया

अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड नावाचा तालुका आहे. तेव्हा जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते. मुलूख दुष्काळी. पाऊस कमी, पाणी कमी, दुखणी मात्र भरपूर. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे तिथे कामाला गेले. दोघेही वेल्लोरच्या मोठ्या कॉलेजात शिकलेले. त्या भागात तेव्हा हजार मुले जन्मली की त्यांतली सुमारे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत.

दोघांनी पाहिले, की दवाखान्यात येणारी पुष्कळशी दुखणी औषधाने कायमची जाणारी नाहीत. हगवण लागलेले मूल बरे होऊन घरी जाते. तेच घाण पाणी पुन्हा पिते. महिन्याने पुन्हा दवाखान्यात येते. दुखण्याचे मूळ घरात आणि गावात. मग उपायही घरात आणि गावात नको काय?

प्रथम त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवल्या. पण बाहेरून आलेली मुलगी गावात रमेना, आणि गावच्या बाया तिच्याशी मोकळे बोलेनात. तेव्हा ठरले, की गावचीच बाई निवडायची. ती निवडायची गावाने, डॉक्टरांनी नव्हे. अशा बाया पुढे आल्या. त्यांतल्या कित्येक दलित समाजातल्या होत्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. काहींना चारचौघांत आपले नाव सांगायचीही लाज वाटे.

या बाया आठवड्यातून एकदा जामखेडला जात. तिथे शिकत. परत येऊन जे शिकल्या ते शेजारणींना सांगत. गरोदर बाईने काय खावे, मुलाला लस कधी टोचावी, नाळ कशी स्वच्छ कापावी, जुना खोकला कसा ओळखावा, हे त्या शिकल्या. रक्तदाब मोजायलाही शिकल्या. गावात शेतकऱ्यांची मंडळे झाली, महिला मंडळे झाली. पाणी, झाडे, कर्ज, मुलांचे वजन, सगळ्याची चर्चा गावातच होऊ लागली. डॉक्टर दूर गेले नाहीत. मोठे दुखणे आले की जामखेडचा दवाखाना होताच. पण लहान दुखण्यासाठी आणि दुखणे येऊच नये म्हणून गाव स्वतः उभे राहिले.

फळ काय मिळाले? हजारी १७६ वरून बालमृत्यू खाली येत गेले. १९९० नंतरच्या काळात ते ३० च्याही खाली आले. १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये जामखेडच्या मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविका अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी गेल्या आणि मोठमोठ्या तज्ज्ञांच्या सभेत उभ्या राहून बोलल्या.

आपल्याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या परिसरातही असे काम झाले. मुंबईचे नामांकित शस्त्रवैद्य डॉ. नोशिर अंतिया यांनी १९७० नंतरच्या दशकात तिथल्या गावच्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. थोडे शिकलेली बाईसुद्धा गावची बरीचशी दुखणी ओळखू शकते आणि सांभाळू शकते, हे तिथेही दिसले.

१९७८ मध्ये जगातल्या देशांची एक मोठी परिषद भरली. ती तेव्हाच्या सोव्हिएत संघराज्यात, अल्मा-आता या शहरी झाली. तिथे सर्वांनी मिळून एक जाहीरनामा काढला. आपल्या आरोग्याच्या कामात भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे, आणि कर्तव्यही आहे, असे त्यात म्हटले. हक्क आणि कर्तव्य हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा पाठ या दोन शब्दांवर आहे.

आधी कर्तव्य : डॉक्टरांना नीट सांगणे

डॉक्टर कितीही हुशार असोत, ते आपल्या पोटात शिरून पाहू शकत नाहीत. दुखणे आपण भोगतो. त्याची हकीकत आपल्याजवळ असते. ती अर्धी सांगितली, तर उपाय अर्धाच होतो.

जाण्यापूर्वी घरीच कागदावर चार ओळी लिहा. दुखणे कधी सुरू झाले? कुठे दुखते? कशाने वाढते, कशाने कमी होते? आधी कोणती औषधे घेतली? गावठी औषध घेतले असेल तर तेही सांगा. लपवू नका. एखाद्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ उठले असेल, तर ते सर्वांत आधी सांगा. दारू, तंबाखू, मिश्री यांचे खरे सांगा. डॉक्टर काही सोयरीक जुळवायला बसलेले नाहीत.

धाटावला रसायनांचे कारखाने आहेत. तिथे काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगावी. आपण कोणत्या खात्यात काम करतो, कोणत्या रसायनाजवळ उभे राहतो, खोकला किंवा खाज पाळी संपल्यावर वाढते की सुट्टीच्या दिवशी कमी होते, हे सांगावे. नाव ठाऊक नसेल तर पिंपावरचे नाव उतरवून न्यावे. नुसता "खोकला आहे" म्हटले, तर डॉक्टर खोकल्याचे औषध देतील. खोकल्याचे कारण मात्र कारखान्यातच राहील. भोपाळला १९८४ मध्ये वायू सुटून हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखान्यांचा कायदा सुधारला गेला. धोक्याच्या कामावरच्या कामगाराच्या प्रकृतीची नोंद ठेवावी आणि ती त्याला पाहता यावी, असे त्यात घातले गेले. तपासणी झाली की तिचा निकाल मागून घ्या.

कर्तव्यातली दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. आपल्या कोकणात लाल विंचू फार वाईट. तो चावला की घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि हृदयावर ताण येतो. पूर्वी पुष्कळ माणसे, विशेषतः लहान मुले, याने दगावत. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपले. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी वेळेवर दिली तर जीव वाचतो, हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी दवाखान्यात असून काय उपयोग, जर रोगी रात्रभर मांत्रिकाकडे बसला असेल? विंचू असो की साप, चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि तडक दवाखाना गाठा. १०८ क्रमांकाला फोन केला की रुग्णवाहिका येते.

तिसरी गोष्ट म्हणजे घरचा उपाय. १९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित बंगालात आले. बोनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचे पाणी तयार करून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि पाजत राहा म्हणून सांगितले. आयाबापांनी, भावाबहिणींनी घोट घोट पाजून असंख्य जीव वाचवले.

हे पाणी आपल्यालाही करता येते. एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा घाला. मीठ यापेक्षा जास्त घालू नका. दवाखान्यात तयार पुडीही मिळते. हगवण लागलेल्या मुलाला हे थोडे थोडे पाजा. आईचे दूध किंवा भाताची पेज बंद करू नका. मूल निपचित पडले, डोळे खोल गेले, पिणे सोडले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नका.

मग हक्क : डॉक्टरांना नीट विचारणे

कसे विचारावे? उद्धटपणे नव्हे, आणि घाबरतही नव्हे. एक आजी आणि डॉक्टर यांचे हे बोलणे वाचा.

डॉक्टर : आजी, ही गोळी रोज सकाळी घ्या.

आजी : घेईन की. पण डॉक्टरसाहेब, मला झालंय काय ते सांगाल का?

डॉक्टर : तुमचं ब्लडप्रेशर वाढलंय. म्हणजे रक्ताचा दाब.

आजी : मग ही गोळी किती दिवस घ्यायची?

डॉक्टर : ही आपल्या मनानं बंद करायची नाही. बरं वाटलं तरी घ्यायची.

आजी : बरं वाटलं तरी? असं का बरं?

डॉक्टर : गोळी चालू आहे म्हणून दाब आटोक्यात राहतो. सोडली की पुन्हा चढतो. आणि चढला तरी कळत नाही, कारण दुखत काहीच नाही.

आजी : असं होय! आणि जेवणात काय पाळायचं?

डॉक्टर : मीठ कमी. लोणचं, पापड, सुकी मासळी कमी.

आजी : अहो, कोकणात राहून सुकं सोडायचं?

डॉक्टर : (हसून) सोडू नका. पण रोज नको. खाल तेव्हा भिजवून, धुऊन, मीठ काढून खा.

आजी : बरं, मी म्हणते ते बरोबर का बघा. रोज सकाळी एक गोळी, बरं वाटलं तरी सोडायची नाही, मीठ कमी, आणि महिन्यानं पुन्हा दाखवायचं.

डॉक्टर : अगदी बरोबर.

आजींनी काय केले पाहा. मला काय झाले, औषध कशाचे, किती दिवस, पथ्य काय, एवढेच विचारले. शेवटी ऐकलेले स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवले. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. समजण्यात चूक असेल तर तिथल्या तिथे निघते.

तपासणी सांगितली तर विचारा, ही कशासाठी आणि तिला खर्च किती. ऑपरेशन सांगितले तर विचारा, नाही केले तर काय होईल, दुसरा उपाय आहे काय, धोका कोणता. घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. सुई आणि सलाईन मात्र आपण होऊन मागू नका. "सलाईन लावा म्हणजे ताकद येईल," असा हट्ट आपणच धरतो आणि मग बिल पाहून कपाळाला हात लावतो. गोळीने भागते तिथे सुई कशाला?

कागद जपा, अक्षरे कामाला लावा

घरात एक पिशवी ठेवा. तिच्यात प्रत्येकाचे केसपेपर, चिठ्ठ्या, तपासणीचे कागद तारखेप्रमाणे लावा. दवाखान्यात जाताना पिशवी बरोबर न्या. कागद असले तर नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि तीच तपासणी पुन्हा करून पैसे जात नाहीत.

औषधाच्या पाकिटावर बहुधा इंग्रजी असते. हरकत नाही. ई, एक्स, पी ही तीन इंग्रजी अक्षरे ओळखायला शिका. त्यांच्यापुढे महिना आणि वर्ष असते. ती औषधाची मुदत. मुदत संपलेले औषध घेऊ नका. पाकिटाच्या कडेला उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, अशी ती खूण आहे. दुकानदाराला सांगा, "भाऊ, सकाळी किती, रात्री किती, ते पाकिटावर मराठीत लिहून द्या."

क्षयाचे औषध साधारणपणे सहा महिने असते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आणि माणूस म्हणतो, आता कशाला? इथेच घात होतो. अर्धे मेलेले जंतू पुन्हा उठतात, आणि मग साध्या औषधाला दाद देत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज औषध घेतले की खूण करा. ते कॅलेंडर म्हणजे तुमचा हिशेब.

कायदा काय म्हणतो?

हे सगळे मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. त्याला आधार आहे.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की पैसे घेऊन केलेल्या उपचारात हयगय झाली, तर रोग्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते. रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. २००८ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की ऑपरेशनपूर्वी रोग्याला समजावून सांगून त्याची संमती घेतली पाहिजे. म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नका, आणि न वाचता सहीही करू नका. डॉक्टरांसाठी २००२ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे, रोग्याने मागितले तर त्याचे कागद ७२ तासांच्या आत द्यायला हवेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रोग्यांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात २०२१ पासून खाजगी दवाखान्यांनी हक्कांची सनद आणि दरांचा फलक लावायचा आहे. आत गेलात की भिंतीकडे पाहा आणि तो फलक वाचा. दिसला नाही, तर कुठे आहे म्हणून विचारा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. केसपेपरचेही पैसे घ्यायचे नाहीत, असे ठरले.

एकट्याने नव्हे, गावाने

एक माणूस विचारू लागला, तर त्याला कटकट्या म्हणतील. गाव विचारू लागले, तर उत्तर द्यावेच लागते.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. आशाताई त्याच अभियानातून गावात आल्या. गावासाठी आरोग्य, पोषण, पाणी आणि स्वच्छता यांची समितीही त्यातच आली. २००७ पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट करून पाहिली गेली. ते जिल्हे म्हणजे पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव. तिथे गावकऱ्यांनीच आपल्या दवाखान्याची पाहणी केली. डॉक्टर हजर असतात का? औषधे असतात का? बाहेरून आणायला सांगतात का? पैसे मागतात का? वागणूक कशी? जिथे चांगले तिथे हिरवा रंग, मध्यम तिथे पिवळा, वाईट तिथे लाल. मग जनसुनवाई भरली. एकीकडे अधिकारी, दुसरीकडे लोक. लोकांनी उभे राहून अनुभव सांगितले, अधिकाऱ्यांनी उत्तरे दिली. कित्येक ठिकाणी कारभार सुधारला.

मात्र एक ध्यानात ठेवा. रोग्याने जबाबदारी घ्यायची, म्हणजे सरकारची आणि डॉक्टरांची सुटका झाली, असे नव्हे. दवाखान्यात औषध नसेल, तर तो दोष रोग्याचा नाही. नळाला घाण पाणी येत असेल, तर "उकळून प्या" एवढे सांगून कोणाला हात झटकता येणार नाहीत. आणि आपला कारभार आपण पाहायचा, म्हणजे आपणच डॉक्टर व्हायचे, असेही नव्हे. बैलगाडी हाकणारा वेगळा, चाक दुरुस्त करणारा सुतार वेगळा. सुताराचे काम सुतारानेच करावे. पण गाडी कुठे न्यायची, हे धन्याने ठरवावे.

आपल्या देहाच्या गाडीचे धनी आपणच आहोत.

स्वाध्याय

१. जामखेडला आरोग्यसेविका कोणी निवडल्या? डॉक्टरांनी निवडल्या असत्या, तर काय फरक पडला असता?

२. आजींनी डॉक्टरांना कोणकोणते प्रश्न विचारले? शेवटी त्यांनी काय केले?

३. मीठसाखरेच्या पाण्याचे माप पाठ न पाहता सांगा. घरी करून पाहा.

४. घरातल्या औषधांच्या पाकिटांवरची मुदत वाचा. संपलेली किती निघाली ते वर्गात सांगा.

५. आपल्या गावच्या आरोग्य समितीत कोण कोण आहे, ते ग्रामपंचायतीत विचारा. समितीची बैठक शेवटी कधी झाली, ते वहीत लिहून आणा.